चावीवाल्याला वाट

शनिवारी अकरा वाजायला आले की मी वल्लरीला मांडीवर घेते, तिच्या दोन्ही कानांवर तळहात ठेवते आणि वाट बघते. बंदरावरच्या मासळीच्या कारखान्याचा भोंगा दर शनिवारी अकराला वाजतो. खरा नव्हे, चाचणीचा. पण आवाजाला काय कळतंय खरं-खोटं. माडांच्या शेंड्यांवरचे कावळे उडतात, आणि माझ्या आठ महिन्यांच्या पोरीचा तर श्वासच अडकतो. मग ती असा टाहो फोडते की दिवसभर कडेवरून उतरत नाही.

त्या शनिवारी मी कानांवर हात ठेवले आणि भोंगा वाजलाच नाही.

वल्लरीला वाटलं खेळ आहे. तिनं माझी मनगटं धरली आणि खुदकन हसली. मी फोनकडे बघितलं. अकरा वाजून गेले होते. बाहेर खळ्यात माझे सासरे, तात्या, सुपारी उन्हात पसरत होते.

"तात्या, आज भोंगा नाही का?"

"वाजेल गं. घड्याळ पुढं असेल तुझं."

"फोनचं घड्याळ पुढं कसं असेल?"

"मग कारखान्याचं मागं असेल. कोणाचं तरी चुकतंच."

माझे हात अवघडले. मी ते काढले, आणि नेमका तेव्हाच भोंगा वाजला.

वल्लरीला शांत करता करता मी अंगणात आले तेव्हा केसर दारात पाटी उतरवत होती. कोळीवाड्यातून आमच्या आळीला मासळी तीच आणते. सुयशच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, लहानपणापासून. तिची मुलगी किशोरी त्याच कारखान्यात पॅकिंगच्या हॉलमध्ये आहे.

"काय ओ वैनी, पोर का येवढं रडतंय? दिष्ट काढली न्हाय काय?"

"भोंग्याला दचकली. आज उशिरा वाजला ना?"

"व्हय तर. गेल्या खेपेलाबी तसाच आळसावलेला. किशोरी सांगत व्हती, समद्या बाया हातमोजे काढून उभ्या, आनि भोंगा काय वाजंना. शेवटी सुपरवायजर म्हनला, वाजला असं समजा आनि निघा."

गेल्या शनिवारी मी माहेरी होते, म्हणून मला कळलं नव्हतं. तात्या खळ्यातून हसले. केसरही हसली. मीही हसले असते, पण तो भोंगा कशासाठी असतो ते मला जरा जास्तच माहीत होतं.

मासळी गोठवायला अमोनिया लागतो. तो नळ्यांत फिरतो तोवर निरुपद्रवी, पण नळी फुटली तर डोळे जाळतो, आणि बंद हॉलमध्ये साठला तर माणूस दारापर्यंत पोचत नाही. म्हणून भिंतींवर अमोनिया ओळखणारे सेन्सर बसवलेले. त्यांना सुगावा लागला की भोंगा वाजायचा, आणि बायकांनी हातातलं टाकून ज्या बाजूनं वारा येतोय त्या बाजूला निघायचं. दर शनिवारी याचीच तालीम. किशोरी जिथं कोलंबी डब्यांत भरते त्या भिंतीच्या पलीकडेच कॉम्प्रेसरची खोली आहे. अमोनिया सगळ्यात जास्त तिथं.

आणि सेन्सर ते भोंगा या वाटेत मध्ये आमचं बोर्ड होतं.

आमचं म्हणजे अलिबागला देवदत्त सरांची छोटी कंपनी आहे, तिचं. जुन्या यंत्रांना नवे भाग जोडून देणं हे आमचं काम. कारखान्यातला कॉम्प्युटर सगळ्या मशिनरीबरोबर परदेशातून आलेला, माझ्यापेक्षा वयानं मोठा. अजून ठणठणीत आहे, पण नव्या सेन्सरांची भाषा त्याला येत नाही. म्हणून मध्ये दुभाषा बसवायचा, त्याला अ‍ॅडॅप्टर म्हणतात. आमचं बोर्ड म्हणजे तोच. वल्लरीच्या वेळी मी सुट्टीवर असताना सरांनी तो बनवून बसवला होता. आता मी अर्धा दिवस घरून काम करत होते, आणि हे काम माझ्याकडे नव्हतंच.

तरी मी सरांना फोन केला.

"वाजला ना पण?" सर म्हणाले.

"वाजला. उशिरा."

"क्षिप्रा, तू बाळाचे कान धरून बसतेस. त्या वेळी एक मिनिट म्हणजे तास वाटतो. माझी बायको मुलाला ताप आला की थर्मामीटरवरसुद्धा विश्वास ठेवायची नाही."

"केसरनंही सांगितलं सर. गेल्या वेळीही असंच झालं."

"कोण केसर?"

"मासळीवाली."

सर हसले. मग म्हणाले, "बरं. एक जादा बोर्ड पडलंय इथं. पाठवतो. तुझं समाधान करून घे."

काळजी करणं हा माझा स्वभाव आहे असं घरात सगळे म्हणतात. वल्लरी झोपली की मी तिच्या नाकापुढे बोट धरून बघते. दाराच्या फटी, कपाटांचे कोपरे, तिच्या तोंडात जाईल अशी प्रत्येक सुपारी मला दिसते. पहिल्यांदाच मला वाटलं की या स्वभावाचा काही उपयोग होईल.

बोर्ड आलं. जेवणाच्या टेबलावर मांडलं, सासूबाई शाळेतून यायच्या आत आवरायच्या बोलीवर. एका बाजूला लॅपटॉपला त्या जुन्या कॉम्प्युटरचं सोंग दिलं, दुसऱ्या बाजूला सेन्सरच्या खोक्याचं. वल्लरी झोपली की काम, उठली की बंद.

चाचणी सरळ पार पडली. पुन्हा केली, पुन्हा पार पडली. खोकं म्हणायचं अमोनिया, बोर्ड पुढं सांगायचं, लगेच भोंगा. काही चूक नाही. दोन दिवस मी तेच करत राहिले. सरांचंच बरोबर, असं मनाशी कबूल करून बोर्ड परत पाठवायला पाकिटात भरायला घेतलं, आणि तेवढ्यात मला आठवलं की कारखान्यात खोकं एकच नाही. कॉम्प्रेसरची खोली, हॉल, शीतगृह, धक्का, अशी चार ठिकाणी चार आहेत. शिवाय दिवाळीनंतर पाचवं आलंय, शीतगृहाचं तापमान नोंदवणारं. ते दर तासाला, ठोक्याला, नोंद पाठवतं.

भोंग्याची चाचणी अकराला. तीही ठोक्याला.

मी बोर्ड पुन्हा बाहेर काढलं आणि एकाऐवजी दोन खोकी जोडली. दोघांना एकाच वेळी बोलायला लावलं. पहिल्याच फटक्यात सगळं थांबलं. पडद्यावर काहीच हलेना. मी बघत राहिले. बऱ्याच वेळानं जुन्या कॉम्प्युटरचं सोंग वैतागलं, त्यानं अर्धवट कामं सगळी टाकून दिली, पहिल्यापासून सुरुवात केली, आणि मग भोंगा वाजला.

शनिवारी मी ऐकलं होतं ते हेच.

का थांबतं ते समजायला आणखी दोन झोपा लागल्या, वल्लरीच्या.

त्या कॉम्प्युटरच्या स्मृतीत एक जागा आहे, कुठे काय चाललंय ते लिहायची. एकच जागा आणि लिहिणारे अनेक. दोघांनी एकदम वाचलं, दोघांनी आपापलं भरून परत लिहिलं, तर एकाचं लिहिलेलं दुसरा पुसून टाकणार. म्हणून नियम असा की वाचायचं तेच कुलूप लावून. ज्यानं कुलूप लावलं त्यानं वाचावं, बदल करावा, परत लिहावं, आणि त्या लिहिण्याबरोबरच कुलूप निघतं. तोवर दुसऱ्या कुणी कुलूप लावून वाचायला मागितलं तर उत्तर मिळतं, आता नाही, पुन्हा ये.

आता एखाद्याला दर वेळी हेच उत्तर मिळत राहिलं तर? तो बिचारा येतोय, जातोय, आणि मधल्या मध्ये दुसरेच कुलूप लावून मोकळे होताहेत. त्यासाठी एक वेगळी तार आहे. फार वेळा परत पाठवलं गेलेला त्या तारेवर इशारा देतो. लॉकआउट म्हणतात त्याला. म्हणजे, आता कुणीही नवं कुलूप मागू नका, माझं काम होऊ द्या. बाकीच्यांनी तो इशारा पाळायचा असतो. नियम शहाणपणाचा आहे, आणि आमचं बोर्ड तो इमानेइतबारे पाळत होतं. तिथंच घोळ होता.

घडायचं ते असं. कॉम्प्रेसरच्या खोलीतलं खोकं बोर्डामार्फत कुलूप लावतं, वाचतं, अमोनिया अशी खूण करून परत लिहायला निघतं. तेवढ्यात ठोका पडतो आणि तापमानाचं खोकं रांगेत मध्ये घुसतं, मलाही कुलूप हवंय म्हणून. रांग एकच. पुढे नवं कुलूप मागणारा, त्याच्यामागे जुनं कुलूप उघडणारा. इकडे भोंगा वाजवणारा प्रोग्रॅम त्याच जागेवर पुन्हा पुन्हा हेलपाटे घालून कंटाळतो आणि लॉकआउटचा इशारा देतो. इशारा दिसताच आमचं बोर्ड आदबीनं थांबतं. रांगेच्या तोंडाशी असलेल्याला अडवतं, आणि त्याच्यामागे उभा असलेला, ज्याच्या हातात कुलूप उघडणं आहे, तोही अडकतो. भोंगेवाला म्हणतो कुलूप निघू दे. बोर्ड म्हणतं तुझा इशारा संपू दे. सगळे एकमेकांचा मान ठेवून गप्प उभे.

मी हे संध्याकाळी तात्यांना सांगितलं. सांगायला दुसरं कुणी नव्हतं. सुयश नोकरीला न्हावा शेव्याला, शनिवारी रात्री येणार. तात्या वल्लरीला पायांवर झुलवत ऐकत होते. मला वाटलं त्यांचं लक्ष नाही, पण शेवटाला ते असे हसायला लागले की पोरगी झुलताना थांबून त्यांच्याकडे बघायला लागली.

"अगं, हे तर आपल्या सदा गुरवाचं झालं!"

"काय झालं?"

"शिमग्याला पालखीपुढे गुरवांचा बाळू 'चावीवाल्याला वाट' म्हणून ओरडत असतो, ऐकलंयस ना?"

ऐकलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच शिमग्यात. मला वाटलं होतं काहीतरी देवाचं असेल.

"देवाचं कसलं, सदाचं! मी कॉलेजात होतो तेव्हाची गोष्ट. पालखी घरोघर फिरून देवळापाशी परत आली. आता आपल्याकडे रीत काय? पालखी येताना दिसली की कुणी पुढं व्हायचं नाही. वाटेकडेच्या दगडी गडग्याला पाठ लावायची आणि हात जोडून उभं राहायचं. देवळाला कुलूप. सदा घरी गेलेला, दिव्याला तेल आणायला. तो परत येतोय तर देवळाकडची पाखाडीची वाट माणसांनी भरलेली, पालखी देवळासमोर. झालं! हाही गडग्याला पाठ लावून, हात जोडून उभा राहिला. सगळ्यांच्या मागे."

"आणि कुलूप?"

"कुलूप तसंच! ढोलवाले वाजवताहेत, खांदेकरी नाचवताहेत. देव दमला की नाही ठाऊक नाही, पण खांदेकऱ्यांचे खांदे सुजले. जो तो म्हणतोय सदा कुठाय, सदा कुठाय. आणि सदा मागे डोळे मिटून उभा, चावी कमरेच्या करगोट्याला! शेवटी त्याच्या बायकोनं बघितलं आणि भर पाखाडीत हाक मारली, अहो, तुम्ही कुणाची वाट बघताय?"

माझ्याही डोळ्यांत हसून पाणी आलं.

"सदा काय म्हणाला?"

"म्हणाला, पालखी उभी असताना मी मध्ये कसा जाऊ? आता याला काय बोलणार? चुकला म्हणावं, तर त्यानं रीतच पाळलेली. तेव्हापासून आरोळी सुरू झाली. सगळ्यांनी थांबायचं, पण चावीवाल्याला वाट."

त्या रात्री वल्लरीच्या नाकापुढे बोट धरायचं मी विसरले.

नवी जुळणी करायला फार वेळ लागला नाही. बोर्डावरच्या मुख्य चिपमधली रचना आम्ही लॅपटॉपवरून पुन्हा लिहू शकतो. इशारा आला की नवं कुलूप मागणाऱ्यांनी बाजूला व्हायचं आणि उघडणाऱ्याला वेगळी वाट द्यायची, एवढंच. त्या वाटेला आत काहीतरी नाव द्यावं लागतं. मी लिहिलं, सदा.

गुरुवारी सर स्वतः आले, कामासाठी मुरूडला जाता जाता. मी टेबलावर दोन खोकी जोडून त्यांना बोर्ड गोठताना दाखवलं. ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. चहा निवला.

"मी एकेक खोकं लावून तपासलं होतं," ते म्हणाले. "दोन एकदम लावायचं डोक्यातच आलं नाही. शाब्बास तुझी."

"नवी जुळणी तयार आहे सर. शनिवारी बसवू या?"

"रांग तोडलीस तू. उघडणारा पुढे गेला आणि त्याच खोक्याचं आधीचं लिहिणं मागे राहिलं तर?"

"त्याचं आधीचं लिहिणं आधीच जाईल. लिहिणाऱ्याला कुणी अडवतच नाही. फक्त नवं कुलूप मागणारे बाजूला होतात."

त्यांनी मान डोलावली, पण उत्साह दिसला नाही. "बरोबर आहे. पण ऐक. बोर्डाला हात लावायचा तर कॉम्प्युटर बंद करावा लागणार, म्हणजे कारखाना थांबणार. ऐन हंगाम आहे. मॅनेजर मला दारात उभं करणार नाही. त्यापेक्षा तापमानाची नोंद ठोक्याच्या पाच मिनिटं पुढे ढकलू. ते बाहेरून होतं, कशाला हात लावायला नको. शनिवारचा भोंगा कसा घड्याळाला वाजेल."

वल्लरी सतरंजीवर रांगत माझ्या पायाशी आली होती आणि उभं राहायला बघत होती. पाच मिनिटं पुढे ढकललं तर खरंच दर शनिवारी अकराला भोंगा वाजेल. मी वेळेवर कान झाकीन. केसर हसणार नाही.

"सर, गळती झाली तर कॉम्प्रेसरचं एकच खोकं बोलेल?"

"म्हणजे?"

"अमोनिया हॉलमध्ये जाईल, शीतगृहात जाईल. चारी खोकी एकदम बोलायला लागतील, पुन्हा पुन्हा. तेव्हा ठोका काय आणि पाच मिनिटं काय. आज दोघांत अडकतंय. त्या दिवशी चौघांत अडकेल, सुटेल, परत अडकेल. चाचणीला वाजेल, आणि हवा असेल तेव्हा वाजणार नाही."

"हाताचं बटण आहे की."

"कुठे?"

"ऑफिसात," सर म्हणाले.

"आणि बायका हॉलमध्ये."

केव्हाची केसर पायरीवर बसून मासळी साफ करत होती. आमचं बोलणं तिला किती कळलं कोण जाणे. ती हातातला कोयता न थांबवता म्हणाली, "सायेब, माझी पोर त्या भिंतीला टेकून काम करते. भोंगा वाजला न्हाय तर तिनं कुनाला इचारायचं?"

सरांनी चष्मा काढून पुसला. मग मला म्हणाले, "मॅनेजरला दाखवावं लागेल. सांगून पटणार नाही. शनिवारी तू ये. तूच दाखव."

"मी?"

"नाही तर कोण? मला तर आत्ता कळलंय."

वल्लरीला सोडून मी आजवर नाक्यावरच्या दुकानापलीकडे गेले नव्हते. शनिवारी सासूबाईंना शाळेत कार्यक्रम होता, सुयश रात्री यायचा. म्हणजे तात्या. मी त्यांना सगळं दोनदा सांगितलं. पेज कोमटच, पाळण्याची कडी नीट लावा, सुपारीपाशी नेऊ नका, आणि आज भोंगा दोनदा वाजेल, एकदा अकराला आणि नंतर कधीतरी.

"क्षिप्रा," तात्या म्हणाले, "सुयशला मीच वाढवलाय. काही समुद्रात सोडला नव्हता."

"तसं नाही तात्या."

"तसंच आहे. जा तू. वाट दे की आम्हालाही."

कारखान्यात मासळीचा आणि बर्फाचा थंड वास होता. पांढरे गमबूट घातलेली किशोरी हॉलच्या काचेतून मला बघून हसली, आईसारखीच, गालाला खळी पाडून. कोळीवाड्यात केसरनं आधीच सांगून ठेवलं होतं की आज भोंग्याचं काम आहे, दोनदा वाजला तरी कुणी होड्या टाकून पळू नका.

मॅनेजर उंच, घाईतला माणूस होता. "मॅडम, भोंगा दर शनिवारी वाजतो. मी स्वतः ऐकतो."

"आजही ऐका," मी म्हटलं. "फक्त एक करा. दर वेळी तुम्ही कॉम्प्रेसरच्या खोलीतल्या सेन्सरलाच कापसाचा बोळा दाखवता ना? आज चारी ठिकाणी एकदम दाखवा."

अमोनियात बुडवलेला इवलासा बोळा सेन्सरला दाखवतात, हीच चाचणी. चार माणसं चार ठिकाणी उभी राहिली. अकरा वाजले. मॅनेजरनं हात खाली केला.

काही झालं नाही.

हॉलमधल्या बायका हातमोजे काढून उभ्या होत्या. यंत्रांची घरघर चालूच होती. मॅनेजरनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग सरांकडे, मग माझ्याकडे. बोलायचं ते सगळं न वाजणारा भोंगाच बोलत होता. किशोरीनं काचेतून हात हलवून विचारलं, निघू का? मला तिला मान हलवून उत्तर द्यावंसं वाटलं, पण मी हलले नाही. मॅनेजर ते बघत होता.

मध्येच भोंग्यानं एक छोटीशी उचकी दिल्यासारखा आवाज केला आणि तो पुन्हा गप्प झाला. सुटलं आणि परत अडकलं होतं. मॅनेजर वळला, झपाझप ऑफिसात गेला आणि त्यानं हातानं बटण दाबलं. तेव्हा भोंगा वाजला. ऑफिस हॉलपासून लांब आहे, जिना चढून. तो परत आला तेव्हा त्याला किंचित धाप लागली होती.

"किती वेळ बंद ठेवावं लागेल?" त्यानं विचारलं.

"जेवणाच्या सुट्टीत होईल," सर म्हणाले.

मी चिपमध्ये नवी जुळणी भरली. सर शेजारी उभे राहून प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचत होते. "सदा? हे काय?"

"नंतर सांगते."

कॉम्प्युटर सुरू झाला. चार माणसं पुन्हा चार ठिकाणी गेली. बायका डबे खाऊन परत हॉलमध्ये आल्या होत्या. मी तात्यांना फोन लावला.

"झोपलीय ती," तात्या कुजबुजले. "आत्ताच. पेज खाल्ली सगळी."

"तात्या, आता वाजेल. फोन चालू ठेवा."

"कान झाकू का तिचे?"

मी मॅनेजरकडे बघितलं. त्यानं हात वर धरला होता.

"नको," मी म्हटलं.

हात खाली आला आणि तो पूर्ण खाली येईपर्यंत भोंगा सुरू झालासुद्धा. छपराखाली इतका मोठा की माझ्या दातांत जाणवला. फोनमधून तोच आवाज खळ्यावरून, माडांवरून, किंचित मागून येत होता. हॉलचं दार उघडलं. बायका हात पुसत, एकमेकींना ढोसत, वाऱ्याच्या बाजूला धक्क्याकडे निघाल्या. किशोरी सगळ्यात पुढे होती. हॉल रिकामा व्हायला काही वेळ लागला नाही, आणि भोंगा त्यानंतरही वाजतच होता. एकदाही अडखळला नाही.

फोनमध्ये वल्लरीचा टाहो ऐकू आला.

"उठली गं," तात्या ओरडून म्हणाले. "घेतलंय मी तिला. जोरात रडतेय."

"रडू दे," मी म्हटलं, आणि फोन कानाला तसाच धरून त्या बायकांच्या मागून धक्क्यावर गेले.